खुलासा: इंजिनच्या व्हॉल्व्हची लिफ्ट वाढवली की ताकद वाढतेच असं नाही
‘हेड कोणतंही असो, जास्त लिफ्टचा कॅम टाका, ताकद वाढणारच’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. (लिफ्ट म्हणजे कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, व्हॉल्व्ह किती उंच उचलतो ते; हेड म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग.) आधी हेडचे फ्लो-बेंचवरचे (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे पाहा. पोर्टमधला (हेडमधल्या हवेच्या वाटेतला) प्रवाह 11 मिमी लिफ्टला वाढायचा थांबत असेल, तर 14 मिमीच्या कॅमने फारसं काही मिळत नाही. स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह गाइड मात्र लवकर झिजतात. थोडी जास्त लिफ्ट चालते, कारण व्हॉल्व्ह 11 मिमीच्या उंचीवरून उघडताना आणि मिटताना असा दोनदा जातो. एक्झॉस्ट पोर्ट (जळालेला वायू बाहेर जायची वाट) कमजोर असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं ड्युरेशन, म्हणजे तो उघडा राहण्याचा काळ, वाढवा.

नव्या कॅमने व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाही ना हे पाहायला पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग क्ले कापून सगळ्यात पातळ जागा मोजा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) साधारण 2, एक्झॉस्टला 2.5 मिमी अंतर हवंच.