सायकल चालवायची, पण कोणाच्या वेगाने?

कुटुंबासह निसर्गरम्य वाटांवर सायकल चालवून तंदुरुस्ती राखावी, हे एका लेखात वाचलेले म्हणणे पटते. मात्र नाशिककरांसाठी वाट आणि वेळ यांची निवड अधिक काटेकोरपणे व्हायला हवी, असे मला वाटते. 2015 मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून आपल्याकडे अंतराचे आकर्षण वाढले, ते कौतुकास्पदच. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच रविवारी त्र्यंबकेश्वरच्या चढावर नेणे, तेही श्रावणातल्या गर्दीत, हा निव्वळ हट्ट होय. त्याऐवजी गंगापूर रस्त्याने सोमेश्वरपर्यंत, वाहतूक वाढण्यापूर्वी, सर्वांत लहान सायकलस्वाराच्या वेगाने जावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते आणि बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा दम लागला की तो श्रम मध्यम मानला जातो, त्यामुळे मुलांबरोबरची संथ फेरी वाया जाते असे समजण्याचे कारण नाही.

हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचा परिसर मला सर्वांत योग्य वाटतो. सायकली गाडीतून तिथवर न्याव्यात, सपाट रस्त्यांवर चालवाव्यात आणि पक्षी दिसतील तिथे निवांत थांबावे. रामसर या पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा दर्जा मिळालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे; 2020 मध्ये तो जाहीर झाला. निघण्यापूर्वी मुलांच्या सीटची उंची अवश्य तपासावी: पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा.