‘घरावर मोफत सोलर’: त्या मेसेजमधला एकेक दावा तपासून

गेले वर्षभर एक मेसेज गावच्या, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: केंद्र सरकार घरावर फुकट सोलर बसवून देते, दरमहा ३०० युनिट वीज मोफत मिळते, बिल कायमचे शून्य होते, लाईट गेली तरी घर चालू राहते, उरलेली वीज विकून कमाई होते, आणि खालच्या लिंकवर आजच फॉर्म भरायचा. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ खरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली, एक कोटी घरांचे लक्ष्य आहे आणि ७५,०२१ कोटींची तरतूद आहे. मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी मात्र एकेक करून बघाव्या लागतील.

‘सगळा खर्च सरकार करते.’ नाही. सरकार अनुदान देते, आणि तेही ठरावीक. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,०००. त्यापुढे ५ बसवा की १०, आकडा ७८,०००च राहतो. हे दर सरकारने धरलेल्या किमतीवर बेतलेले आहेत: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५०,००० धरून त्याचे ६० टक्के, तिसऱ्याला ४५,००० धरून ४० टक्के. बाजारात ३ किलोवॅटचा संच या हिशेबातल्या १,४५,००० रुपयांत क्वचितच बसतो. स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल बसवायचा लोखंडी सांगाडा, उंच घ्यायचे असेल, वायर लांबून ओढायची असेल तर दीड लाखाच्या बराच वर जातो. तो फरक तुमच्या खिशातून.

फुकटाच्या सर्वांत जवळ जाणारी सोय महाराष्ट्रात आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरांना १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर आणखी १७,५०० रुपये मिळतात. महिना १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना १०,०००, आणि त्यांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,०००. ५०,००० रुपये किंमत धरली तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला २,५०० रुपये भरावे लागतात. मेसेज पुढे पाठवणाऱ्या तीन बेडरूमवाल्यांना यातले काही लागू नाही.

‘३०० युनिट मोफत, बिल शून्य.’ कोणी ३०० युनिट वाटत नाही. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट, महिन्याला १०० ते १२० युनिट देते. ३ किलोवॅट म्हणजे तीनशेच्या आसपास, तिथून हा आकडा आला. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि घाटमाथ्यावर उत्पादन निम्म्यावर येते. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या जिन्याची सावली दुपारी एका पॅनेलवर पडली, तरी त्याच ओळीत जोडलेल्या बाकीच्या पॅनेलची वीजही खाली येते. म्हणून जागा ठरवताना डिसेंबरची सावली धरा, तेव्हा ती सर्वांत लांब असते.

आणि एकही युनिट न वापरता आलेल्या बिलातही स्थिर आकार असतोच. नेट मीटर, म्हणजे घेतलेल्या आणि बाहेर दिलेल्या विजेचा हिशेब ठेवणारा मीटर, तो पुसत नाही.

खरी चूक होते ती क्षमता ठरवताना. ७८,००० मिळतात म्हणून सरसकट ३ किलोवॅट गळ्यात मारले जातात. महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर दिलेला असतो. त्याची बेरीज करा, १२ ने भागा, आलेल्या आकड्याला ११० ने, म्हणजे १ किलोवॅटच्या महिन्याच्या सरासरी युनिटांनी, भागा. वर्षाचे २,६४० युनिट असतील तर महिन्याला २२०, म्हणजे २ किलोवॅट पुरे. घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. सोलर आधी वरचे महाग युनिट खाते. म्हणून ३५० युनिट वापरणाऱ्याचे पैसे लवकर वसूल होतात. ८० युनिटवाल्याची सगळी बचत सर्वांत स्वस्त टप्प्यातली, त्याने राज्याच्या वाढीव अनुदानाशिवाय घाई करू नये.

‘लाईट गेली तरी घर चालू.’ हा दावा सर्वांत जास्त तक्रारी घडवतो. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. या योजनेत सर्रास बसतो तो ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या पुरवठ्याला जोडूनच चालणारा. महावितरणचा पुरवठा गेला की तो काही क्षणांत स्वतःहून बंद होतो, भर दुपारचे ऊन असले तरी. तो दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या हातात तुमच्या गच्चीवरची वीज जाऊ नये म्हणून तसे केलेले असते. बॅकअप हवा असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि बॅटरीला अनुदान नाही.

उलटा प्रकारही होतो: लाईट असते, ऊन असते, तरी इन्व्हर्टर बंद. खेड्यात दुपारी वापर कमी असतो, खांबापासूनची सर्व्हिस वायर बारीक आणि लांब असते. सोलरची वीज बाहेर ढकलताना तुमच्या टोकाला व्होल्टेज २५० च्या वर चढते आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. स्क्रीनवर ग्रिड ओव्हरव्होल्टेज असे काहीतरी येते. पॅनेल बदलून उपयोग नसतो. सर्व्हिस वायर जाड करून घ्या, सांधे घट्ट करा, रोहित्राचे (ट्रान्सफॉर्मरचे) टॅपिंग, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी, तपासायला अर्ज द्या.

‘वीज विकून कमवा.’ दिवसा जास्त झालेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात. आर्थिक वर्षअखेरीस शिल्लक राहिली तर ती राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेतली जाते आणि तो दर तुम्ही वरच्या टप्प्यात भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. विकण्यासाठी मोठा संच बसवणे तोट्याचे.

‘सबसिडी वजा करून उरलेले द्या, बाकी आमच्याकडे लागले.’ हे मेसेजपेक्षा विक्रेते जास्त बोलतात. नेहमीच्या मार्गाने जाताना अनुदान काम पूर्ण झाल्यावर, नेट मीटर बसून तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. विक्रेत्याला पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते. अनुदान अडकण्याचे मोठे कारण म्हणजे पॅनेल. त्यातले सेलही, म्हणजे उन्हाची वीज करणाऱ्या चकत्याही, भारतात बनलेले हवेत, बाजारात याला ‘डीसीआर’ पॅनेल म्हणतात. नुसते भारतात जोडलेले चालत नाही. साधे पॅनेल स्वस्त पडते, म्हणून कोटेशन डीसीआरचे आणि गच्चीवर माल दुसरा, असे होते. वर चढवण्याआधी प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक टिपून घ्या, फोटो काढा आणि डीसीआर प्रमाणपत्रातल्या यादीशी जुळवा. एकदा स्ट्रक्चरवर बसले की मागचे स्टिकर वाचायला झोपावे लागते.

दुसरे, अनुदानासाठी क्षमता धरताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली जी कमी ती धरतात. ५४० वॅटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट, सोबत २ किलोवॅटचा इन्व्हर्टर दिला तर अनुदान २ चेच. अर्थिंगही मोजून घ्या: आकाशातली वीज अडवणारा वीजरोधक, डीसी (पॅनेलकडची) बाजू आणि एसी (घराकडची) बाजू, तिन्हींचे वेगळे खड्डे हवेत. एकाच खड्ड्यात तिन्ही पट्ट्या घालून पैसे वाचवणारे पुष्कळ आहेत.

‘कर्ज बिनव्याजी.’ बिनतारण आहे, बिनव्याजी नाही. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंत कर्ज मिळते, स्वतःचे १० टक्के घालावे लागतात, मुदत दहा वर्षांपर्यंत आणि व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्यापेक्षा) अर्धा टक्का जास्त. समजा संच १,९०,००० चा, तुमचे १९,०००, कर्ज १,७१,०००. ६ टक्के व्याज धरले तर दहा वर्षांचा हप्ता सुमारे १,९०० रुपये. अनुदानाचे ७८,००० लगेच कर्जात भरून हप्ता नव्याने बांधून घेतला तर तो साधारण १,०३० वर येतो. तेवढी रक्कम बिलात वाचत असेल तरच सही करा. अनुदान कर्जखात्यात वळते होणार की बचत खात्यात, आणि हप्ता कमी होणार की मुदत, हे बँकेला आधीच विचारा.

‘या लिंकवर फॉर्म भरा.’ भरू नका. खरे पोर्टल पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर बंद करा. नोंदणीला पैसे पडत नाहीत. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मोबाइल आणि बँक खाते लागते. वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या, कारण बिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळले नाही की सगळे बसवून झाल्यावरही अनुदान अडकते. थकबाकीही आधी भरा. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि गच्ची सामाईक असेल, तर सोसायटीने लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी अर्ज करावा. त्याला किलोवॅटमागे १८,००० रुपये वेगळे मिळतात.