ग्रॅफाइटचा मुद्दा राहूनच गेला

'समुद्राच्या मिठात सोडियम मुबलक, म्हणून ही बॅटरी स्वस्त पडणारच' हे सोडियम-आयन (लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या) बॅटरीवरच्या लेखातलं विधान मला घाईचं वाटतं. लिथियम बॅटरीच्या ॲनोडमधलं (ऋण ध्रुवातलं) ग्रॅफाइट सोडियमला जवळजवळ सामावूनच घेत नाही, त्यामुळे हार्ड कार्बन (अस्ताव्यस्त रचनेचा कार्बन) वापरावा लागतो. तो नारळाच्या करवंटीपासूनही होतो, पण निष्क्रिय वायूत १००० अंश सेल्सिअसच्या वर भाजावा लागतो. शिवाय पहिल्याच चार्जिंगमध्ये त्यात थोडंफार सोडियम कायमचं अडकून बसतं. स्वस्ताई आहे ती फॉइलमध्ये, म्हणजे ध्रुवाचा थर ज्यावर पसरतात त्या धातूच्या पातळ पत्र्यात! सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, म्हणून ॲनोडलाही तांब्याऐवजी ॲल्युमिनियम चालतं. हे लेखात यायलाच हवं होतं.

आणि कॅथोडचं (धन ध्रुवाचं) म्हणाल तर, थरांची रचना असलेल्या बऱ्याच ऑक्साइडांना दमट हवा अजिबात सोसत नाही. आम्ही पुण्यात ऐन पावसाळ्यातही अशा ऑक्साइडांचं काम करतो. पावडरची बाटली जरा वेळ उघडी राहिली की कणांवर सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट जमतं, मग बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) घालून घोटलेली स्लरी (पातळ लगदा) खरवसासारखी थिजते, फॉइलवर पसरतच नाही. त्यासाठी कोरडी खोली चोवीस तास चालवावी लागते. पुढच्या भागात लेखकांनी त्या खर्चाबद्दलही जरूर लिहावं.