बडोद्याच्या मुलांना एवढं तरी कळू द्या

आज संध्याकाळी बहिणीकडे गेले होते. भाच्याची वही टेबलावर उघडी पडली होती. २६ नोव्हेंबर तोंडावर आलाय, म्हणून शाळेत संविधानाचा धडा चाललाय. प्रश्न होता, राज्यघटनेचे शिल्पकार कोण? पोरानं लिहिलं होतं, "डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना आपल्या बडोद्यात राहायला कोणी घर दिलं नव्हतं." दुसऱ्या वाक्यावर लाल पेनाची आडवी रेघ आणि समासात शेरा, नॉट रिक्वायर्ड.

तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय.

ते वाक्य त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात मीच त्याला संकल्पभूमीवर, बाबासाहेबांच्या इथल्या स्मारकावर, नेलं होतं. तिथे बसून सगळं सांगितलं. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि ठरल्याप्रमाणे संस्थानची नोकरी करायला १९१७ साली बडोद्याला आले. हिंदूंच्या विशीत, म्हणजे खानावळवजा हॉटेलात, थारा मिळणार नाही हे त्यांना माहीतच होतं, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा जण काठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळच्या आत जागा सोड! दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकानं नोकरांचं कारण सांगितलं, दुसऱ्यानं बायकोचं. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, त्या दोन मित्रांना नंतर वाईट वाटलं असेल का गं?"

अकरा वर्षांचं पोर हे विचारतं. शेजारी एक आपलेच मराठी गृहस्थ बसले होते, ते मला म्हणाले, "ताई, मुलांना कशाला हे सांगता? उगाच महाराजांचं नाव खराब होतं." अहो, महाराजांचं नाव इतकं लेचंपेचं आहे का? शिष्यवृत्ती महाराजांनी दिली आणि घर गावानं नाकारलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही आपलंच आहे.

पण शाळेत काय, तर मूळ घटनेत ३९५ कलमं, ८ अनुसूची, २ वर्षं ११ महिने १८ दिवस. गाळलेल्या जागा भरा. बरं, पाठांतर हवं, उद्देशिका तोंडपाठ असली तर काही बिघडत नाही. बाईंना गठ्ठाभर वह्या तपासायच्या असतात, तेही मान्य. पण अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम मुलाला नुसतं पाठ करून कळेल? ज्याला काठ्या दाखवून बाहेर काढलं, तोच तीस वर्षांनी मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हे सांगितलं की भाच्यासारख्या पोराला ते कलम वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कोणी म्हणेल, घटना एकट्यानं लिहिली नाही. नाहीच लिहिली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात खुद्द बाबासाहेबांनीच घटनासल्लागार बेनेगल राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिलंय. मग तेही शिकवा ना! मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. एवढी माणसं एवढी भांडली, आणि आपण मुलांना सांगतो की घटना 'तयार झाली'. जणू आपोआप.

संविधान सभेतली १७ ऑक्टोबर १९४९ चीच चर्चा घ्या. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी, असं ह. वि. कामतांचं म्हणणं. रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, मग देवीच्या नावानं का नको? कुंझरूंनी कळकळीनं विरोध केला. शेवटी मतदान, बाजूनं ४१, विरोधात ६८. कामत हरले, पण सभा सोडून गेले नाहीत. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो देवीच्या मुद्द्यावर अर्धा तास माझ्याशी वाद घालत होता. किती गोड वाद घालतात ही मुलं, कोणी घालू दिला तर.

आणि आपलं बडोदं? २८ एप्रिल १९४७ ला संविधान सभेत जाऊन बसलेल्या पहिल्या संस्थानांत बडोदं होतं. आपले दिवाण बी. एल. मित्तर मसुदा समितीवर होते. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं सभेला तिरंगा देणाऱ्या हंसाबेन मेहता पुढे आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या नावाच्या लायब्ररीत बसून आपल्यातल्या कितीजणांनी परीक्षांचे अभ्यास केलेत! कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रं ज्या नंदलाल बोसांची, त्यांनीच विद्यार्थ्यांना हाताशी धरून घटनेची पानं सजवली. हे सगळं रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर आहे, आणि मुलांना ते वर्गात कोणी सांगत नाही. राग येणार नाही तर काय होईल?

बहीण म्हणते शाळेत जाऊन भांडू नकोस. नाही भांडणार. बाईंना भेटून नीट बोलेन.

तोवर या रविवारी आमच्या गच्चीवर मुलांकडून १७ ऑक्टोबरची चर्चा वाचून घेणार आहे. मग त्यांचं त्यांनी मतदान करायचं. तिसरीच्या वरची कोणतीही मुलं चालतील, मराठी अडखळत वाचणारीसुद्धा. सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद व्हायला खालच्या मजल्यावरची एक मुलगी तयार आहे. कामत आणि कुंझरू हवे आहेत. पाठवणार असाल तर शनिवारपर्यंत कळवा.