सगळा दोष त्वचेच्या माथी नको

‘घरातली बहुतांश धूळ म्हणजे माणसाची मेलेली त्वचा’ हे तुमच्या धुळीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. त्वचेचे कण झडतात हे खरं, पण त्यातले बरेचसे आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जातात. आणि महिनोन्महिने कुलूप असलेल्या घरातही टेबलावर बोट फिरवलं की रेघ उमटतेच. तिथे कोणाची त्वचा झडत होती? माती, परागकण, काजळी दारं-खिडक्यांच्या फटींतून आत येतात. राहत्या घरात चपलांना चिकटून येणाऱ्या मातीची भर पडते ती वेगळीच.

पलंगाखालचा पुंजका एकदा भिंगाखाली धरून बघा. मला त्यात निळे-पांढरे धागेच धागे दिसले, चादरी-टॉवेलचे. त्यांत गुरफटलेले केस, चमकणारे वाळूचे कण आणि कुठल्याशा किड्याचा एक पाय (हे घरात कोणाला सांगितलं नाही). धुळीतले माइट (कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव) मात्र असे सहज दिसत नाहीत, ते जेमतेम ०.३ मिमीचे. त्वचेचे कण हे त्यांचं खाणं, आणि अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. लेखात याचा उल्लेखच नाही, उलट ‘रोज झटका’ असा सल्ला! कोरडं झटकलं की हेच सगळं हवेत उडतं आणि नाकात जातं. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.