सगळ्यात फास्ट पोरगा मागे उभा केला की झालं? नाही राव

कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, सीझन जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो, तिकडे शिकणाऱ्या आपल्या पोरांच्या ग्रुपमध्ये तर हमखास. मजकूर साधारण असा: पंट रिटर्नर बनायला फार काही लागत नाही, टीममधला सगळ्यात फास्ट पोरगा घ्या, घाबरट नसला म्हणजे झालं, मागे उभा करा. फेअर कॅच फट्टू लोक घेतात. कोण भारी ते ॲव्हरेज यार्ड बघून कळतं. आणि तसंही ऑस्ट्रेलियन पंटर आल्यापासून पंट रिटर्न मेल्यात जमा आहे.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून लोक डोळे झाकून फॉरवर्ड करतात.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार ट्रायमध्ये दहा यार्ड पुढे जायचं असतं, तीन फुकट गेल्या की बहुतेक टीम चौथ्या वेळी बॉल लांब किक मारून समोरच्याला देऊन टाकतात, तो पंट. समोरच्यांचा एक गडी चाळीस-पंचेचाळीस यार्ड मागे उभा असतो, त्याने तो झेलायचा आणि जमेल तेवढा पळवत परत आणायचा. तो पंट रिटर्नर. मैदानाच्या दोन्ही टोकांना एंड झोन असतो (त्याची कड म्हणजे गोललाइन), समोरच्यांच्या एंड झोनमध्ये बॉल नेला की टचडाउन.

आता स्पीड. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत एकाच टीममध्ये दोन रिसीव्हर (पास झेलणारे) होते, जॉन रॉस आणि डँटे पेटिस. रॉसने २०१७ च्या एनएफएल (प्रो लीग) कम्बाइनमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या चाचणीत, ४० यार्ड ४.२२ सेकंदात मारले, तेव्हाचा रेकॉर्ड होता तो. मेसेजच्या हिशोबाने पंटखाली रॉस उभा पाहिजे. उभा असायचा पेटिस. रॉसला किकऑफ (हाफच्या सुरुवातीला आणि स्कोअरनंतर मारतात ती किक) रिटर्नला ठेवायचे, तिथे त्याने टचडाउन पण मारलेत, आणि पेटिसने २०१४ ते २०१७ मध्ये पंट रिटर्नवर ९ टचडाउन मारून एनसीएएचा (कॉलेज खेळांची संघटना) करिअर रेकॉर्ड केला, त्यातले ४ तर एकट्या २०१७ च्या सीझनमध्ये. मग वॉशिंग्टनच्या कोचना कळत नव्हतं का? कळत होतं, कारण किकऑफ आणि पंट हे दोन वेगळे धंदे आहेत. किकऑफला बॉल लांबून येतो, समोरचे पण लांबून येतात, तुम्हाला पळत पळत बॉल घेता येतो आणि समोर मोकळी जागा असते, तिथे सरळ स्पीड चालतो.

पंटला तसं नसतं. हिशोब करून बघा. स्नॅपपासून (बॉल मागे पंटरकडे फेकतात तो क्षण) किक बसेपर्यंत साधारण दोन सेकंद, चांगला पंट हवेत साडेचार सेकंद, म्हणजे कडेने सुटलेल्या गनरला (रिटर्नरला पाडायला धावणारा) तुमच्यापर्यंत यायला साडेसहा सेकंद मिळाले, आणि अंतर चाळीस-पंचेचाळीस यार्ड. त्याला मध्ये कोणी अडवलं नाही तर तो बॉलच्या आधी पोचून तुमच्या तोंडासमोर उभा असतो. आणि कॉलेजमध्ये हे अजून वाईट, कारण एनएफएलमध्ये किक बसण्याआधी फक्त दोन टोकांचे दोघे सुटू शकतात, कॉलेजमध्ये मात्र स्नॅप झाला की सगळ्यांना सुटायची परवानगी आहे, म्हणून तिकडच्या टीम पंटरसमोर तिघांची भिंत ठेवतात आणि बाकीचे सगळे सरळ खाली धावत सुटतात. आपल्याकडे उंच उडालेल्या कॅचखाली उभा फिल्डर आठवा, आणि त्याला झोपवायला अख्खी समोरची टीम धावत येतेय असं समजा. अशा वेळी पहिलं काम पळणं नाहीच आहे. पहिलं काम आहे बॉल कुठे पडणार ते ओळखणं, आणि ते पहिल्या दीड-दोन सेकंदात, कारण उरलेल्या वेळात मान खाली घालून समोर कोण किती जवळ आलाय ते बघायचं आणि परत बॉल शोधायचा. बॉलचं नाक खाली वळलं की तो लांब जातो, नाही वळलं की मेल्यासारखा अलीकडेच पडतो. डाव्या पायाचा पंटर असेल तर फिरकी उलटी, मग बॉल वळतो पण उलट्या बाजूला, म्हणून चांगल्या टीम तसा पंटर समोर असला की आठवडाभर डाव्या पायाच्या किकवर प्रॅक्टिस करतात. वारा, स्टेडियमचे लाइट, हे वेगळंच.

पेटिसचे वडील गॅरी पेटिस, मेजर लीग बेसबॉलमध्ये सेंटर फिल्डर, पाच वेळा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे बेस्ट फिल्डरचं बक्षीस. उंच बॉलखाली पाय कसे लावायचे हा त्या घरात जेवताना बोलायचा विषय असणार, मला तर यात काही नवल वाटत नाही.

पेटिसच्या आधी हा रेकॉर्ड ८ चा होता आणि दोघांच्यात वाटलेला होता. एक ओक्लाहोमाचा अँटोनियो पर्किन्स. दुसरा टेक्सस टेकचा वेस वेल्कर, उंची ५ फूट ९ इंच, कम्बाइनचं बोलावणं सुद्धा नाही, २००४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम पोरं निवडतात तिथे) कोणी घेतलं नाही. घड्याळ लावून माणूस निवडणाऱ्यांनी त्याला बाहेरच ठेवलं होतं. त्याच्याकडे होतं ते म्हणजे बॉल हातात आल्यावर पहिली तीन पावलं, पहिला गनर अंगावर आला की त्याला चुकवून लगेच सरळ पुढे पळायचं, आडवं नाही.

हां, स्पीड फुकटची गोष्ट आहे असं मी म्हणत नाहीये. ओहायो स्टेटचा टेड गिन ज्युनियर पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, पंटवर ४ टचडाउन मारून गेला आणि तो पळायचा कसा ते सगळ्यांना माहितीये. रॉसचा ४.२२ चा रेकॉर्ड २०२४ मध्ये मोडणारा झेवियर वर्दी टेक्ससला पंट रिटर्न करायचा, २०२३ मध्ये ब्रिगम यंगविरुद्ध टचडाउन पण आहे. पण ही पोरं आधी बॉल नीट झेलत होती म्हणून त्यांना तिथे उभं केलं होतं. स्पीड हा चाळीस यार्डाचा रिटर्न ऐंशीचा करतो, पहिले दहा यार्ड तो मिळवून देत नाही.

दुसरा आणि तिसरा मुद्दा एकत्रच घेतो, कारण "घाबरत नाही" आणि "फेअर कॅच घेत नाही" हे एकच दुखणं आहे. फेअर कॅच म्हणजे हात वर करून हलवायचा, मग तुम्हाला कोणी धक्का मारायचा नाही, पण तुम्ही पण पळायचं नाही, बॉल तिथेच. मेसेजवाल्यांना हा पळपुटेपणा वाटतो. आता विचार करा, झेललाच नाही तर काय होतं? बॉल टप्पा खातो आणि दहा-पंधरा यार्ड अजून मागे घरंगळतो. म्हणजे हात वर करून घेतलेला तो "फट्टू" कॅच पण टीमला दहा-पंधरा यार्ड वाचवून देतो, फक्त ते कुठल्या स्कोअरशीटवर येत नाहीत.

बॉल अलीकडे पडतोय असं दिसलं तर रिटर्नर जोरात ओरडतो, बऱ्याच टीममध्ये त्याचा शब्द "पीटर" किंवा "पॉयझन" असा असतो, ऐकला की बाकीच्यांनी बॉलपासून लांब पळायचं, कारण टप्पा खाऊन तो आपल्याच कोणाच्या पायाला लागला तर समोरचे उचलून घेऊ शकतात. हे ओरडणं वेळेवर येणं हा रिटर्नरचा गुण आहे, व्हिडिओत कोणी दाखवत नाही. आणि एक जुना नियम: पाय १० यार्डच्या रेषेवर रोवायचे, बॉल डोक्यावरून मागे जातोय असं वाटलं तर सोडून द्यायचा, बहुतेक तो एंड झोनमध्ये जाईल आणि बॉल २० वर मिळेल.

इथे हमखास कोणीतरी एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) बिली कॅननचं नाव काढणार. काढाच. ३१ ऑक्टोबर १९५९, बॅटन रूज, एलएसयू ०-३ ने मागे, चौथा क्वार्टर, समोरच्या ओल मिसचा (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) पंट टप्पा खाऊन स्वतःच्या ११ यार्डवर त्याच्या हातात आला, त्याने घेतला, एकामागून एक टॅकल तोडत ८९ यार्ड, मॅच ७-३, आणि त्या वर्षीची हाइझमन (कॉलेजच्या बेस्ट खेळाडूची ट्रॉफी) पण त्यालाच. कोच पॉल डिट्झेलचा नियम होता की एवढ्या मागे बॉलला हात लावायचा नाही. झकास गोष्ट आहे, पन्नास वेळा बघावी अशी. पण तशाच जागी तशाच बॉलला हात घालून तो सोडणाऱ्या पोरांची गोष्ट कोण सांगतं? १ जानेवारी २०२४ चा रोझ बोल घ्या, मिशिगन विरुद्ध अलाबामा, नॅशनल चॅम्पियनशिपचं तिकीट. मिशिगनकडून पहिल्या हाफमध्ये एक पंट हातातून सुटला आणि त्याच्यातून अलाबामाला टचडाउन मिळाला. मग शेवटी, स्कोअर बरोबरीत, एक मिनिटापेक्षा कमी वेळ, मिशिगनच्या रिटर्नरने स्वतःच्या गोललाइनजवळ पडणाऱ्या बॉलला हात घातला, सुटला, कसाबसा परत धरला तो गोललाइनला चिकटून. बॉल धरून अजून थोडा मागे एंड झोनमध्ये गेला असता तर सेफ्टी, म्हणजे समोरच्यांना दोन पॉइंट, मॅच जवळपास गेलीच. ओव्हरटाइममध्ये मिशिगन २७-२० जिंकली, पुढे चॅम्पियन पण झाली, म्हणून आज कोणाला आठवत नाही. बॉल सोडायला हिंमत लागते, लाखभर लोक पळ पळ म्हणून ओरडत असताना तर फारच.

ॲव्हरेज. पंट रिटर्नच्या ॲव्हरेजमध्ये मोजले जातात ते फक्त रिटर्न. फेअर कॅच नाही, एंड झोनमध्ये हुशारीने सोडलेला बॉल नाही, आणि मजा म्हणजे हातातून सुटून समोरच्यांनी घेतलेला बॉल पण तुमचं ॲव्हरेज खाली आणत नाही. म्हणजे जो निर्णय हेच मुख्य काम, तोच आकड्यात नाही. त्यात एका मोठ्या रिटर्नने अख्खा सीझन सुंदर दिसतो. पर्किन्सने २००३ मध्ये यूसीएलएविरुद्ध एकाच मॅचमध्ये पंटवर ३ टचडाउन मारले, २७७ यार्ड. आता एकाच दुपारी तीनदा कोणी हात न लावता निघत असेल तर त्याचे पाय भारी आहेतच, पण पुढे ब्लॉक करणारे, म्हणजे समोरच्यांना अडवणारे, दहाजण काय नुसते उभे होते का?

आणि ब्लॉकवर सगळं कसं लटकलेलं असतं ते बघायचं तर ह्या दोन मॅच. १९७१ ची नेब्रास्का-ओक्लाहोमा, तिला लोक शतकातली मॅच म्हणतात, जॉनी रॉजर्सने सुरुवातीलाच ७२ यार्डचा पंट परत आणला, नेब्रास्का ३५-३१ जिंकली. त्या रिटर्नमधला एक ब्लॉक मागून, म्हणजे नियमाबाहेर, होता की नाही यावर वाद आहे, पण फ्लॅग (रेफरीची फाउलची खूण) पडला नाही, रॉजर्स अमर झाला. १ जानेवारी १९९१, ऑरेंज बोल, नोत्र दामचा रॉकेट इस्माइल, कोलोरॅडो १०-९ ने पुढे, मॅच संपत आलेली, त्याने पंट घेतला आणि ९१ यार्ड पळून टचडाउन. फ्लॅग. क्लिपिंग, म्हणजे तोच मागून ब्लॉक. रिटर्न रद्द, मॅच गेली. इस्माइल त्या दिवशी रॉजर्सपेक्षा कमी कुठे होता सांगा? आकड्यांच्या पुस्तकात एकाचे ७२ आहेत, दुसऱ्याचे ते ९१ नाहीतच. म्हणून मला विचाराल तर रिटर्नर बघताना आधी हे बघा की सीझनभरात त्याने किती बॉल टप्पा पडू दिले आणि किती हातातून सोडले, यार्ड नंतर.

राहिले ऑस्ट्रेलियन. हे खरंय की २०१३ ते २०१७ सलग पाच वर्षं कॉलेजच्या बेस्ट पंटरला मिळणारा रे गाय अवॉर्ड ऑस्ट्रेलियन पोरांनी नेला: हॉर्न्सी, मग हॅकेट दोनदा, विशनोव्स्की, डिक्सन. ही पोरं पळत पळत बाजूला जातात, बॉल धरून ठेवतात, तोपर्यंत बाकीचे खाली पोचतात (तो सगळे सुटायचा कॉलेजचा नियम इथे यांच्या कामाला येतो), मग खालून घरंगळता बॉल मारतात किंवा उलटी फिरकी देऊन टप्प्यावर थांबवतात. रिटर्न कमी होतात, मान्य. पण त्याने रिटर्नरचं काम संपत नाही, अवघड होतं, कारण आता बॉल कुठून सुटणार हेच शेवटपर्यंत कळत नाही, आणि टप्पा खाल्लेला बॉल उचलायचा का सोडायचा हे आधीपेक्षा जास्त वेळा ठरवावं लागतं.

२०२३ चं आयोवा बघा. त्यांचा पंटर टोरी टेलर, मेलबर्नचा, त्या वर्षीचा रे गाय त्यालाच. त्याच टीमचा रिटर्नर कूपर डीजीन. २१ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध, आयोवा १०-१२ ने मागे, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, मिनेसोटाचा पंट टप्पा खाऊन साइडलाइनकडे चाललेला. डीजीनने धावत जाऊन उचलला, कडेने निसटला, ५४ यार्ड, टचडाउन, स्टेडियम वेडं. मग रिव्ह्यू, आणि निर्णय असा की बॉल उचलायच्या आधी त्याने डावा हात हलवला होता, तो चुकीचा फेअर कॅच सिग्नल धरला जातो, म्हणजे बॉल जिथे उचलला तिथेच मेला. आयोवा हरली, १२-१०. त्यावर आयोवावाले अजून भांडतात, माझ्या मते रिव्ह्यूला तो हात बघायला बोलावलंच नव्हतं, पण नियमाच्या अक्षरात तो निर्णय बसतो. देशातला बेस्ट पंटर आपल्याकडे असून मॅच गेली ती समोरच्यांच्या पंटवर आणि आपल्या रिटर्नरच्या एका हातावर. पंट रिटर्न मेलाय हे वाक्य आयोवा सिटीत जाऊन म्हणून दाखवा.