'नंबर घातला की पोस्टर दुर्मिळ होतं का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. छोट्या, स्वतंत्र थिएटरांसाठी निघणाऱ्या मर्यादित आवृत्तीच्या सिनेपोस्टरांवरील लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. फाईल संगणकात पडून असताना दीडशेच प्रती निघाल्या यावर विश्वास का ठेवायचा? जपण्यासारखी पोस्टरं कोल्हापूरचे मूकपटांचे दिग्दर्शक-चित्रकार बाबूराव पेंटर यांच्या काळातली, ही नवी म्हणजे नुसता हौसेचा बाजार. आणि तुमचं स्वतःचं पोस्टर लॅमिनेट केल्यावर कुणी घ्यायला तयार नाही, म्हणजे त्याला मुळात किंमतच नव्हती.

आधी बाबूरावांचं बघू. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर आजवर टिकलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत गणलं जातं. कोल्हापूरकराला त्याचा अभिमान वाटणारच, मलाही आहे. पण तेव्हाची पोस्टरं कुणी जपावीत म्हणून निघत नव्हती. खळ लावून भिंतीवर डकवायची, सिनेमा उतरला की त्यावरच पुढचं, उरलेला गठ्ठा रद्दीत. त्यातून जे वाचलं ते योगायोगानं. नव्या पोस्टरात छापणारा आधीच शब्द देतो की एवढ्याच प्रती काढणार. तो शब्द पाळला जातो का, हे तपासता येतं, आणि तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इथपर्यंत मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे.

आता फाईलचा मुद्दा. इंकजेटवर काढलेल्या पोस्टरला तो तंतोतंत लागू पडतो. तिथं बटण दाबलं की पुढची प्रत तयार, सगळी भिस्त विकणाऱ्याच्या सचोटीवर. स्क्रीन प्रिंटचं, म्हणजे जाळीतून शाई ढकलून केलेल्या छपाईचं, गणित वेगळं आहे. प्रत्येक रंगाची फिल्म (आकृतीचा पारदर्शक नमुना) वेगळी, जाळीची फ्रेम वेगळी. सहा रंगांच्या दीडशे प्रती म्हणजे स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) नऊशे वेळा ओढायची, आणि प्रत्येक रंगानंतर कागद रॅकवर वाळवायचा. छपाई संपली की जाळीवरचं इमल्शन (आकृती धरून ठेवणारा थर) धुऊन फ्रेम पुढच्या कामाला लागते. फिल्म जपून ठेवली असेल तर पुन्हा छापता येतं, हे खरं. पण हातानं कालवलेली शाई दुसऱ्या वेळी हुबेहूब त्याच छटेची जमणं फार अवघड. म्हणून प्रामाणिक छपाईवाला पुन्हा काढलीच तर रंग बदलतो किंवा 'दुसरी आवृत्ती' असं स्पष्ट लिहितो.

कोल्हापुरात आणखी एक अडचण येते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद ओलावा पितो आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं फुगतो. पहिला रंग कोरड्या कागदावर बसला आणि चौथा फुगलेल्यावर, की रंगांची जुळवणी मिलिमीटरभर तरी सरकते आणि आकृतीच्या कडेला पांढरी रेघ दिसते. त्यासाठी कागद आदल्या दिवसापासून छपाईच्या खोलीतच मोकळा ठेवतात आणि नासाडी धरून पाच-पन्नास ताव जास्तीचे घेतात. नासलेले ताव फाडून टाकले, का तेही बाजारात आले, हे विक्रेत्याला जरूर विचारा.

घेताना दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. ऑफसेटमध्ये (मोठ्या प्रेसवरच्या नेहमीच्या छपाईत) निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे गुंफलेले दिसतात. इंकजेटमध्ये बारीक विखुरलेला फवारा. स्क्रीन प्रिंटमध्ये सपाट, सलग शाई असते. ठिपके असलेच तर मोठे आणि एकाच शाईचे. मग पोस्टर उजेडात तिरपं धरा. दोन रंग एकमेकांवर चढलेत तिथं कडेला गडद, बारीक पट्टी दिसते आणि शाईचा किंचित उठाव जाणवतो. गडद कागदावर पांढरी शाई असेल तर ते साध्या घरगुती प्रिंटरचं काम नक्कीच नाही.

नंबराला मात्र फार भुलू नका. ३७/१५० म्हणजे ती सदतिसावी छापली असं नव्हे. वाळलेल्या गठ्ठ्यावर नंतर पेन्सिलीनं आकडे घालतात. त्याऐवजी कलाकारासाठी वेगळ्या प्रती किती काढल्या ते विचारा, कारण त्या दीडशेत मोजत नाहीत. एकाच चित्राच्या चार-पाच रंगांतल्या 'खास' आवृत्त्या निघाल्या असतील तर सगळ्यांची बेरीज करा, मग मर्यादित म्हणायचं का ते ठरवा.

हौसेच्या बाजाराबद्दल एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या अलामो ड्राफ्टहाऊस थिएटरच्या आश्रयानं मोंडो या मर्यादित आवृत्तीची पोस्टरं काढणाऱ्या कंपनीची पोस्टरं वाढली, आणि २०११मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं ती आपल्या संग्रहात जतन करायचं ठरवलं. पुनर्विक्रीत भाव ठरतो तो सिनेमा, चित्रकार आणि प्रतीची अवस्था यांवर. काही महिन्यांत दुप्पट होईल म्हणून घेणाऱ्यांनी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अवस्थेचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडच्या पावसाळ्याचं बघा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात पोस्टर नको, तिथं ओल उतरते आणि बुरशी धरते. आम्लमुक्त कागदाच्या दोन तावांमध्ये सपाट, आडवं ठेवावं. नळीतच ठेवायचं तर ती किमान तीन इंच व्यासाची हवी. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिएस्टरच्या चालतात. फ्रेम करताना काच आणि कागद यांत माउंटबोर्डची तीन-चार मिलिमीटर फट ठेवायला सांगा, नाहीतर दमट दिवसांत शाई काचेला चिकटते. सेलोटेप मागच्या बाजूलाही लावू नका; तिचा पिवळा डाग पुढे उमटतो.

राहिलं तुमचं पोस्टर. गरम लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकच्या फिल्मवरचा गोंद उष्णतेनं वितळून शाईत आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. तो सोलायला गेलात तर शाईचा थर त्याच्याबरोबर निघतो. म्हणून गिऱ्हाईक मागे सरलं. छपाई खोटी होती असा त्याचा अर्थ होत नाही. कुणी 'काढून देतो' म्हणालं तरी देऊ नका. थेट उन्हापासून लांब लावलंत तर भिंतीवर ते पुष्कळ वर्षं छान दिसेल.